सरासरीत पहिला आलेला वाण नेमका कुणाच्या रानात लावायचा?

वाइन द्राक्षांच्या वाणचाचण्या आखणाऱ्या, त्यांना निधी देणाऱ्या आणि शेवटी शिफारशींची यादी छापणाऱ्या सर्व समित्यांना,

सप्रेम नमस्कार.

चाचणीच्या अहवालाच्या शेवटच्या पानावर एक तक्ता असतो. डावीकडे वाणांची नावे, उजवीकडे सगळ्या ठिकाणांची आणि सगळ्या हंगामांची सरासरी, आणि सर्वांत वर ठळक अक्षरांत एक नाव. हा तक्ता छापणे थांबवा, एवढ्यासाठी हे पत्र आहे. बागायतदार नेमका तोच तक्ता कापून ठेवतो आणि त्याच्या भरवशावर पंचवीस-तीस वर्षांची लागवड करतो. त्याचे रान मात्र त्या सरासरीत कुठेच नसते.

समजा एक वाण थंड उतारावर हेक्टरी ६ टन देतो आणि गरम मैदानात १४ टन. दुसरा दोन्हीकडे ९ टन. सरासरी काढली तर पहिला १०, दुसरा ९. पहिल्याला पहिला नंबर. पण उतारावरच्या माणसाने तो लावला तर त्याने एक तृतीयांश पीक हातचे घालवले. जागा बदलली की वाणांचा क्रम उलटतो, आणि हा काही अपवाद नव्हे. वाण आणि जागा यांचे एकमेकांशी जे जमते किंवा बिनसते, तेच तर चाचणीने शोधायचे आहे. सरासरी काढताना आपण नेमके तेच पुसून टाकतो. फिनले आणि विल्किन्सन यांनी १९६३ मध्ये बार्लीवर एक साधी रीत दाखवली होती. प्रत्येक ठिकाणच्या सर्व वाणांची सरासरी हा त्या ठिकाणाचा दर्जा धरायचा आणि त्यासमोर प्रत्येक वाणाची रेषा काढायची. रेषा चढी असेल तर वाण चांगल्या जागेचा फायदा उचलतो पण वाईट जागेत कोसळतो; आडवी असेल तर कुठेही फारसे बिघडत नाही, फारसे साधतही नाही. आज याहून बारीक पद्धती आहेत. पण निदान ही एक रेषा तरी अहवालात दिसू द्या.

आता हे आकडे मुळात विश्वास ठेवण्याजोगे कसे होतील, त्याविषयी.

ठिकाणापासून सुरुवात करू. 'गरम विभाग' किंवा 'थंड विभाग' एवढ्याने भागत नाही. १९४४ मध्ये कॅलिफोर्नियात अमेरिन आणि विंकलर यांनी १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर या काळातली १० अंश सेल्सिअसवरची उष्णता दिवसागणिक बेरीज करून राज्याचे पाच विभाग पाडले. पहिला विभाग सुमारे १३९० उष्णता एककांपर्यंत, पाचवा २२२० च्या वर, आणि मधल्या प्रत्येक विभागाची रुंदी सुमारे २७८ एकके. रीत सोपी, म्हणून जगभर गेली. पण तापमापक कुठे ठेवला यावर सगळे अवलंबून असते. उंची १०० मीटरने वाढली की हवा साधारण ०.६५ अंशाने थंड होते. चाचणीची बाग हवामान केंद्रापेक्षा २०० मीटर उंचावर असेल तर फरक झाला १.३ अंशाचा. त्या काळात दिवस येतात २१४. गुणाकार केला तर २७८. म्हणजे केंद्राचा आकडा जसाच्या तसा उचलला तर बाग कागदावर अख्खा एक विभाग सरकते. म्हणून प्रत्येक चाचणीच्या जागेत स्वतःची दोन नोंदयंत्रे हवीत. एक जमिनीपासून दीड मीटरवर, उन्हापासून आडोसा असलेल्या जाळीदार खोक्यात. दुसरे ओलांड्याच्या (तारेवर आडव्या वळवलेल्या जाड फांदीच्या) उंचीवर, कारण निरभ्र, वारा पडलेल्या रात्री थंड हवा खाली साचते आणि दहिवर (गोठलेले दव) पडते ते कोंबावर, हवामान केंद्राच्या छतावर नव्हे. नोंद तासातासाची ठेवा.

उष्णतेच्या बेरजेतही एक खोट आहे. तिला वरची मर्यादा नाही. ३५ अंशांपुढे वेलीचे अन्न तयार करणे मंदावते आणि काळ्या वाणांच्या सालीत रंग भरणे अडते, पण बेरीज मात्र वाढतच राहते. त्यामुळे समान एककांच्या दोन जागा, एक दिवसा तापून रात्री गार होणारी आणि दुसरी दिवसरात्र कोमट, एकाच रकान्यात बसतात. मणी पिकण्याच्या शेवटच्या ३० दिवसांतले रात्रीचे किमान तापमान आणि ३५ अंशांवर गेलेले तास, असे दोन आकडे वेगळे छापा. जिथे वेल थंडीने झोपी जात नाही आणि छाटणीची तारीख माणूस ठरवतो, तिथे तर एप्रिल ते ऑक्टोबर ही खिडकीच निरर्थक ठरते. तिथे छाटणीपासून काढणीपर्यंतची बेरीज धरायला हवी.

मातीबद्दल थोडक्यात: ३० आणि ९० सेंटिमीटर खोलीचे वेगवेगळे नमुने, सामू (पीएच), क्षारता, सक्रिय चुना आणि पालाश. यावरूनच खुंट, म्हणजे वाणाचे कलम ज्या मुळांवर बांधतात तो वेल, ठरतो. रिपारिया ग्लोआर हा खुंट सक्रिय चुना जेमतेम ६ टक्क्यांपर्यंत सोसतो, ११० आर सुमारे १७ टक्क्यांपर्यंत, तर ४१ बी ४० टक्क्यांपर्यंत. चुनखडीच्या जमिनीत चुकीच्या खुंटावर वाण पिवळा पडला तर अहवालात वाणाची बदनामी होते, खुंटाची नाही. डॉगरिज हा खुंट जमिनीतून पालाश जोमाने उचलतो. त्यावरच्या द्राक्षांचा सामू चढा आला तर दोष वाणाला द्यायचा की खुंटाला? एका जागेत एकच खुंट ठेवा आणि दोन जागांत खुंट बदलावाच लागला तर निदान दोन सामायिक वाण दोन्ही खुंटांवर लावा, म्हणजे त्याचा हिशेब वेगळा काढता येईल.

यानंतरचा मुद्दा अनेक समित्यांना किरकोळ वाटतो: लावलेले रोप खरोखर त्याच वाणाचे आहे का? चिलीत दशकानुदशके मर्लो म्हणून लावलेल्या वेलींतल्या पुष्कळशा कार्मेनेर निघाल्या. १९९४ मध्ये फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ जाँ-मिशेल बुर्सिको यांनी पानांवरून ते ओळखले. कार्मेनेर मर्लोपेक्षा कितीतरी आठवडे उशिरा पिकतो, त्यामुळे एकत्र काढणीत त्याची कच्ची, मिरचीसारखी चव वाइनमध्ये उतरायची आणि ती 'चिलीच्या मर्लोची चव' म्हणून खपायची. ऑस्ट्रेलियात अल्बारिन्यो समजून लावलेला वाण २००९ मध्ये डीएनए तपासणीत सावान्यां ठरला. तोवर लोकांनी बाटल्यांवर नाव छापून विक्रीही केली होती. डीएनए खुणांची तपासणी आज अवघड राहिलेली नाही. मातृवेलीचे पान पाठवा, निकाल आल्याशिवाय कलमे बांधू नका. कृत्तकाचा, म्हणजे वाणातल्या ज्या एका वेलीपासून रोपे वाढवली त्या उपप्रकाराचा (क्लोनचा), क्रमांकही नोंदवा. पिनो न्वारचे दोन कृत्तक काही बाबतींत एकमेकांपासून इतके दूर असतात की नुसते 'पिनो न्वार' लिहिणे म्हणजे पत्त्यात फक्त गावाचे नाव लिहिणे.

त्याच पानावर विषाणूंची तपासणीही करून घ्या, विशेषतः पान गुंडाळणाऱ्या विषाणूची आणि लाल चट्ट्याच्या विषाणूची. दोन्ही साखर कमी करतात आणि पिकणे लांबवतात. एका वाणाची रोपे स्वच्छ आणि दुसऱ्याची बाधित असतील तर चाचणी वाणांची राहतच नाही, ती रोपवाटिकांची होते. पांढऱ्या वाणांत लक्षणे धड दिसत नाहीत, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. आणि पिठ्या ढेकूण पान गुंडाळणारा विषाणू शेजारच्या वेलीवर नेतो, त्यामुळे लागवडीच्या वेळी स्वच्छ असलेली बाग पाचव्या वर्षी स्वच्छ असेलच असे नाही. दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासा.

मांडणी. इथे चुका सर्वाधिक होतात आणि त्या नंतर दुरुस्त करता येत नाहीत. एका वाणाच्या सलग तीन ओळी, मग दुसऱ्याच्या तीन, ही मांडणी पाहुण्यांना दाखवायला बरी. उताराच्या वरच्या टोकाला उथळ माती आणि खाली खोल गाळ असेल तर वरचा वाण अशक्त आणि खालचा जोमदार 'ठरतो'. उताराला आडवे असे पाच गट पाडा, प्रत्येक गटात प्रत्येक वाण एकदा, आणि गटातली जागा चिठ्ठी टाकून. प्रत्येक तुकड्यात आठ वेली, दोन्ही टोकांची एकेक वेल राखणीची, मोजणी मधल्या सहांची. बारा वाण घेतले तर १२ गुणिले ५ गुणिले ८, म्हणजे ४८० वेली. ओळींत २.५ मीटर आणि वेलींत १.२ मीटर अंतर ठेवले तर १४४० चौरस मीटर, शिवाय भोवतीच्या राखण ओळी. एवढी जागा कुठल्याही केंद्राला परवडते. जागा नाही म्हणून गट कमी करण्यापेक्षा वाण कमी करा.

आणि एक गोष्ट परत परत सांगावी लागते: तुकड्यातल्या सहा वेली म्हणजे सहा पुनरावृत्त्या नव्हेत. त्या एकाच मातीत, एकाच ठिबकच्या नळीवर, एकमेकींच्या सावलीत वाढतात. पुनरावृत्ती म्हणजे गट. गट पाच असतील तर प्रत्येक वाणाचे आकडे पाच, तीस नाहीत. तीस धरले की फरक नसलेल्या जागी फरक दिसू लागतो. मेलेल्या वेलीच्या जागी नवी लावा, पण तिच्यावर खूण करा आणि निदान तीन वर्षे मोजणीत धरू नका.

सगळ्या ठिकाणी दोन-तीन वाण सामायिक हवेत, त्याच कृत्तकाचे आणि एकाच रोपवाटिकेतून आलेले. तेवढाच एक धागा ठिकाणांना एकमेकांशी जोडतो. अमेरिकेत २००४ पासून अनेक राज्यांतल्या केंद्रांनी एनई-१०२० या नावाने मिळून वाणचाचण्या चालवल्या, त्यामागे विचार हाच होता: जागा वेगवेगळ्या, पण पद्धत एक आणि काही वाण सर्वत्र. सामायिक वाण नसतील तर 'इथे हा वाण चांगला आला' याचा अर्थ वाण चांगला होता, जागा चांगली होती की छाटणी करणारा चांगला होता, ते कधीच कळत नाही.

सगळ्यांना समान वागणूक दिली की न्याय झाला, असे मानू नका. नेब्बिओलो या वाणाचे काडीवरचे तळाचे दोन-तीन डोळे बहुतेक वांझ असतात. त्याला दोन डोळ्यांच्या खुंटी छाटणीवर ठेवले तर घड लागत नाहीत आणि अहवालात 'कमी उत्पादन' असा शेरा बसतो. त्याला लांब काडी हवी. सिराच्या फुटी खाली लोंबतात, मूर्वेद्र ताठ वर जातो. उभ्या तारांच्या मांडणीत एकाला दुप्पट बांधणी लागते आणि दुसऱ्याला जवळपास नाही. म्हणून पहिल्या दोन पीकवर्षांत प्रत्येक वाणाच्या काडीवर कितव्या डोळ्याच्या फुटीला किती घड आले हे मोजा आणि मग त्या वाणाची छाटणी ठरवा. ठरली की सर्व ठिकाणी तीच ठेवा. समानता छाटणीत नको, वेलीवरच्या भारात हवी.

हा भार मोजायची रीत जुनी आणि स्वस्त आहे. एका वेलीवरच्या फळाचे वजन भागिले त्याच वेलीच्या पुढच्या छाटणीत निघालेल्या काडीचे वजन. उत्तर ५ ते १० च्या दरम्यान असेल तर वेल तोलात आहे. ५ च्या खाली म्हणजे पाला जास्त, फळ कमी. १२ च्या वर म्हणजे वेल थकते, साखर चढत नाही, रंग येत नाही. आता असे बघा: एका वाणाचा आकडा ७ आणि दुसऱ्याचा १५. दुसरा वाण तीन आठवडे उशिरा पिकला. अहवाल म्हणतो, 'उशिरा पिकणारा वाण'. तो उशिरा पिकणारा नव्हे, त्याच्यावर भार जास्त लादलेला आहे. घड विरळून त्याला ८ वर आणा आणि मग तारीख पाहा. काडीच्या वजनाचा रकाना नसलेला उत्पादनाचा तक्ता आम्ही पहिल्या पानावरच मिटतो.

वाढीच्या अवस्थांसाठी आयकहॉर्न-लोरेन्झ यांची, कूंब यांनी सुधारलेली क्रमवारी वापरा. डोळे फुटणे ४, निम्मा फुलोरा २३, मण्यात पाणी उतरणे (मणी मऊ होऊन रंग बदलू लागणे) ३५, काढणी ३८. 'मार्चच्या शेवटी फूट' असे लिहू नका. निम्म्या डोळ्यांनी ती अवस्था गाठल्याची तारीख लिहा, आणि त्यासाठी आठवड्यातून दोनदा त्याच ठरलेल्या वेलींसमोर जाऊन उभे राहा. डोळे फुटणे आणि शेवटचे दहिवर यांतले अंतर, तसेच पाणी उतरणे आणि पावसाची सुरुवात यांतले अंतर, या दोन गोष्टींवर वाण त्या जागेत तगणार की नाही हे बव्हंशी ठरते. चव नंतर.

कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशांत चव आणखीच नंतर. व्हिनिफेराच्या (युरोपातल्या नेहमीच्या वाइन द्राक्षांच्या जातीच्या) बऱ्याच वाणांचे डोळे उणे २० अंशांच्या आगेमागे मरू लागतात. थंडीच्या लाटेनंतर प्रत्येक वाणाचे १०० डोळे आणा, दोन दिवस खोलीत ठेवा, पात्याने आडवा काप घ्या. मधला मुख्य कोंब हिरवा की तपकिरी, बाजूचा दुय्यम हिरवा की तपकिरी, दोन्ही लिहा, कारण काही संकरित वाण दुय्यम कोंबावरही बऱ्यापैकी घड धरतात. व्हिनिफेरात ती आशा फारशी नसते.

रोगांची नोंद 'मध्यम', 'बरा' अशी ठेवू नका. प्रत्येक तुकड्यात १०० पाने आणि ५० घड पाहा. किती पानांवर केवडा किंवा भुरी, आणि किती टक्के भाग व्यापलेला, असे दोन वेगळे आकडे. शक्य असेल तर मोजणाऱ्याला वाणाचे नाव माहीत नसावे. शेनाँ ब्लाँसारख्या घट्ट घडाच्या वाणात पावसानंतर मणी एकमेकांना दाबून तडकतात आणि कूज आतून सुरू होते. वरून घड ठणठणीत दिसतो. तो फोडून पाहा. रोगप्रतिकारक म्हणून आलेल्या संकरित वाणांना फवारणीविना एक वेगळा तुकडा द्या, पण त्यांना अभेद्य समजू नका. बियांका या वाणातली केवड्याची प्रतिकारशक्ती मोडणारी बुरशीची जात २०१० मध्येच नोंदली गेली आहे. एकाच जनुकावर उभा असलेला वाण आणि दोन-तीन जनुकांचा आधार असलेला वाण यांना अहवालात एकाच रांगेत बसवणे धोक्याचे.

काढणी कधी करायची, हा प्रश्न सगळ्यात अवघड आहे आणि समित्या तो सर्वांत सोपा करून टाकतात: मजूर आले त्या दिवशी सगळे वाण. किंवा सगळ्यांना २३ ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप). पहिली रीत चुकीची आहे हे उघड दिसते. दुसरी शास्त्रीय दिसते, पण गरम जागेत साखर पुढे धावते आणि चव मागे राहते, थंड जागेत उलटे. नियम आधी लिहून ठेवा, वाइनच्या प्रकारानुसार. उदाहरणार्थ साध्या पांढऱ्या वाइनसाठी २० ते २२ ब्रिक्स आणि सामू ३.४ च्या खाली. तांबड्यासाठी २३ ते २४.५ ब्रिक्स, बिया तपकिरी आणि चावल्यावर कडक. ज्या हंगामात दोन्ही अटी एकत्र जुळल्याच नाहीत, तिथे रकान्यात 'पोचला नाही' असे लिहा. तो शेरा बागायतदाराच्या उपयोगाचा आहे. नमुन्यासाठी प्रत्येक तुकड्यातून १५० मणी, ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या खांद्यावरून, मधून आणि टोकाकडून. हात आपोआप पिकलेल्या मण्याकडे जातो, म्हणून घड न बघता पकडा. ब्रिक्स, सामू, एकूण आम्लता, मॅलिक आम्ल आणि १०० मण्यांचे वजन. वजन विसरू नका. उन्हाने मणी सुकून ब्रिक्स २२ चे २४ झाले तर ते पिकणे नव्हे, आटणे आहे, आणि ते फक्त वजनातच दिसते.

मग वाइन. खरे तर वाण वाइनसाठी लावायचा असतो, पण चाचणीत वाइन नेहमी उरलेल्या वेळात आणि उरलेल्या बादलीत होते. हिशेब उलटा करा: वाइनला किती फळ लागेल ते आधी ठरवा, मग वेली. मघाच्या मांडणीत सहा वेली, वेलीला अडीच किलो, म्हणजे गटागणिक १५ किलो. हे पाच गट पाच वेगळ्या भांड्यांत आंबवा. ७५ किलो एकत्र कुस्करून त्याचे तीन बुधले भरले तर त्या तीन पुनरावृत्त्या होत नाहीत, एकाच वाइनचे तीन बुधले होतात.

१५ किलो पांढऱ्या द्राक्षांतून सुमारे नऊ लिटर रस निघतो. तो ५ ते १० अंशांवर एक रात्र निवळू द्या, साका सोडून वरचा रस काचेच्या बुधल्यात घ्या, यीस्ट सर्वत्र एकाच जातीचे, १०० लिटरला २५ ग्रॅम या प्रमाणात. यीस्टला वापरता येईल असा नत्र लिटरला १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर भर घाला, नाहीतर सडक्या अंड्याचा वास सुटतो आणि परीक्षक तो वाणाच्या नावे जमा करतात. पांढरी १५ अंशांवर, तांबडी २५ अंशांवर. लहान भांड्याची अडचण अशी की त्याची उष्णता लगेच उडून जाते. मोठ्या टाकीत आंबवण स्वतःच्या उष्णतेने तापते, बादलीत ते थंडच राहते आणि सालीतून रंग आणि टॅनिन कमी उतरतात. म्हणून तांबड्या वाइनसाठी खोली किंवा पाण्याची टाकी २५ वर धरून ठेवा. वर तरंगणारा सालीचा थर दिवसातून तीनदा दाबा, सगळ्या वाणांना तेवढ्याच वेळा, आणि चोथा पिळण्याचा दिवस ठरलेला असू द्या. लहान भांड्यात वाइनच्या मानाने हवेचा संपर्क जास्त असतो. बुधला गळ्यापर्यंत भरलेला हवा, किंवा रिकाम्या जागेत कार्बन डायऑक्साइड वा नायट्रोजन. तांबड्या वाइनला मॅलिक आम्लाचे लॅक्टिकमध्ये रूपांतर करणारे जिवाणू घाला, मॅलिक लिटरला ०.२ ग्रॅमच्या खाली गेल्याची खात्री करा, मगच वाइन टिकवणारा सल्फर डायऑक्साइड. लाकूड अजिबात नको. ओकची चव वाणाची उणीव झाकते.

सामूचा प्रश्न इथे पुन्हा येतो. लिटरला ०.८ मिलिग्रॅम प्रभावी सल्फर (म्हणजे सल्फर डायऑक्साइड) मिळवायला सामू ३.२ असताना मुक्त सल्फर सुमारे २० मिलिग्रॅम पुरते, ३.५ ला ४० आणि ३.८ ला ७९. म्हणजे चढ्या सामूची वाइन टिकवायला जवळजवळ चौपट सल्फर लागते. ती तशीच सोडली तर सहा महिन्यांनी परीक्षक वाण चाखत नाहीत, नासाडी चाखतात. काही केंद्रे 'निसर्गतः आहे तशी' म्हणून आम्ल न घालता ठेवतात. आमचे मत वेगळे आहे. तांबड्यासाठी ३.६ ही कमाल मर्यादा ठरवा, ज्याचा रस त्याहून चढा असेल त्याला टार्टारिक आम्ल घालून तिथवर आणा, आणि लिटरला किती ग्रॅम लागले ते छापा. एका ग्रॅमने सामू ढोबळमानाने ०.१ ने उतरतो. त्या जागेत तो वाण किती बसतो, याचे याहून प्रामाणिक माप आम्हाला ठाऊक नाही. एखाद्या वाणाला एकीकडे शून्य आणि दुसरीकडे ३ ग्रॅम लागले तर बागायतदाराला आणखी काही सांगायची गरज उरत नाही.

चाखणीबद्दल फार लिहीत नाही. तीन आकडी संकेतांक, प्रत्येकाला वेगळा क्रम, एका बैठकीत दहापेक्षा जास्त पेले नाहीत. वाण लावणारा किंवा वाइन करणारा परीक्षकांत नको. 'आवडली का' विचारण्याआधी 'फरक कळतो का' हे विचारा: तीन पेले, दोन सारखे, वेगळा ओळखा. २४ जणांपैकी निदान १३ जणांनी बरोबर ओळखले तरच फरक खरा धरा. आठ तर नुसत्या नशिबानेही ओळखतात.

वर्षे किती? तिसऱ्या वर्षी पहिले फळ येते. ते मोजा, पण शिफारशीत धरू नका, कोवळ्या वेलीचे वागणे वेगळे असते. चौथ्यापासून आठव्यापर्यंत पाच पिके आणि त्यांतल्या निदान तीन हंगामांची वाइन. म्हणजे निधी आठ-नऊ वर्षांचा हवा. तीन वर्षांच्या प्रकल्पात वाणचाचणी मंजूर करणे म्हणजे रोपे लावण्याचा खर्च देऊन उत्तराचा खर्च नाकारणे.

आणि काय मोजायचे ते ठरवण्याआधी दोन जुन्या गोष्टी लक्षात असू द्या. एएक्सआर-१ हा खुंट, आरामों या व्हिनिफेरा वाणाचा रुपेस्ट्रिस या जंगली अमेरिकी द्राक्षजातीशी केलेला संकर, कॅलिफोर्नियात उत्पादन आणि कलम सहज जुळणे या निकषांवर उत्तम ठरला आणि त्याची शिफारस झाली. तो फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीपुढे टिकत नाही हे युरोपात आणि दक्षिण आफ्रिकेत आधीच दिसले होते. १९८० च्या दशकात ती कीड नापा आणि सोनोमात त्याच्या मुळांवर पसरली आणि हजारो एकर बागा उपटून पुन्हा लावाव्या लागल्या. उत्पादनाचे आकडे चुकीचे नव्हते; जो प्रश्न मोजला नाही त्याने घात केला. उलट बाजूचे उदाहरण मार्सेलां. १९६१ मध्ये फ्रान्समध्ये काबर्ने सोविन्यों आणि ग्रनाश यांच्या संकरातून तो तयार झाला, आणि मणी लहान, उत्पादन कमी म्हणून बाजूला ठेवला गेला, कारण त्या वेळी शोध भरघोस पिकाचा होता. नोंदणी झाली १९९० मध्ये. २०२१ मध्ये फ्रान्समधल्या बोर्डो या वाइनप्रदेशाने हवामानबदलाला तोंड देण्यासाठी ज्या सहा नव्या वाणांना परवानगी दिली, त्यांत तो आहे. तीही जपून: बागेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त क्षेत्रावर नाही आणि मिश्रणात १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. यादीत घेतानाही प्रमाण बांधून देता येते, हे तुमच्या समित्यांनी त्यातून जरूर उचलावे.

म्हणून बाद झालेल्या वाणांचे आकडेही छापा, कारणासह. 'कमी उत्पादन' एवढे नको. 'या जागेत, या खुंटावर, या छाटणीवर, काडीच्या मानाने भार ४, १०० मण्यांचे वजन एवढे' असे. बाद वाणाच्या दोन-दोन वेली संग्रहात जिवंत ठेवा.

शेवटच्या पानावरच्या त्या तक्त्याच्या जागी आम्हाला प्रत्येक ठिकाणाचे वेगळे पान हवे आहे. वर त्या जागेची उंची, उष्णता एकके, पिकण्याच्या काळातले रात्रीचे किमान तापमान, ३५ अंशांवरचे तास, पाऊस, सक्रिय चुना आणि खुंट. खाली प्रत्येक वाणासमोर डोळे फुटण्याची आणि काढणीची तारीख, उत्पादन, काडीचे वजन, घडकुजीची टक्केवारी, काढणीचा ब्रिक्स आणि सामू, घालावे लागलेले टार्टारिक आम्ल, आणि पाच हंगामांतला सर्वांत वाईट हंगाम वेगळा. सोबत गटागणिक मूळ आकड्यांची फाइल, कुणालाही उतरवून घेता येईल अशी.

आपले,
वाणचाचण्यांच्या शेतात आणि वाइनघरात काम करणारे काही जण